तीन दारं, एक गाडी, दोन शेळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्हीवरच्या बक्षिसांच्या खेळांतून निघालेल्या शक्यतेच्या कोड्यांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सगळ्यात जास्त प्रश्न तीन दारांबद्दलचे, म्हणजे 'माँटी हॉल' नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोड्याबद्दलचे असतात, म्हणून सुरुवात तिथून. विषय नवीन असेल तर पहिली चार उत्तरं ओळीने वाचा, पुढे हवं तिथे जा.

१. तीन दारांचं कोडं नेमकं आहे तरी काय?

समोर तीन बंद दारं आहेत. एकामागे नवी कोरी गाडी, बाकी दोनांमागे एकेक शेळी. तुम्ही एक दार सांगता, समजा पहिलं. गाडी कुठे आहे हे सूत्रसंचालकाला माहीत आहे. तो तुमच्या दाराला हात लावत नाही. उरलेल्या दोनांपैकी शेळी असलेलं एक दार उघडतो, समजा तिसरं, आणि विचारतो, "पहिल्यावरच ठाम आहात, की दुसरं घेता?"

दुसरं घ्या. बदललंत तर गाडी मिळण्याची शक्यता २/३, नाही बदललंत तर १/३. मात्र हे उत्तर काही अटींवर उभं आहे: सूत्रसंचालक दर वेळी एक दार उघडणारच, ते जाणूनबुजून शेळीचंच उघडणार, आणि बदलायची संधी दर वेळी देणारच. यातली एक जरी अट ढळली तरी उत्तर फिरतं. ते कसं, हे ८ आणि ९ मध्ये आहे.

२. दोनच दारं उरली ना? मग निम्मी-निम्मी शक्यता का नाही?

कारण दोन पर्याय उरले म्हणून दोघांचं वजन सारखं होत नाही. आमच्या गल्लीतला एखादा पोरगा आणि नीरज चोप्रा असे दोघंच भालाफेकीला उभे राहिले, म्हणून त्या पोराची शक्यता निम्मी होते का?

सरळ मोजू. तुम्ही पहिलं दार सांगितलंय. गाडी तीनही ठिकाणी सारख्याच शक्यतेने असू शकते.

गाडी पहिल्यामागे असेल, तर तो दुसरं किंवा तिसरं उघडेल. बदललंत की हरलात.
गाडी दुसऱ्यामागे असेल, तर त्याला तिसरं उघडावंच लागेल. बदललंत की जिंकलात.
गाडी तिसऱ्यामागे असेल, तर त्याला दुसरं उघडावंच लागेल. बदललंत की जिंकलात.

तीनपैकी दोन. आणखी थोडक्यात सांगायचं तर, पहिला अंदाज बरोबर असेल तरच बदलणारा हरतो, आणि पहिला अंदाज तीनात एकदाच बरोबर असतो. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी हे एक वाक्य पुरेल.

लोक अडकतात ते इथे: दार उघडल्यावर "नवी माहिती मिळाली" हे खरं, पण ती कोणाबद्दलची? तुमच्या दाराबद्दल काहीच कळलेलं नाही. तुमच्यामागे गाडी असो वा शेळी, त्याला कुठेतरी एक शेळी दाखवता येणारच होती. माहिती मिळाली ती त्याने न उघडलेल्या दाराबद्दल.

३. वाचलं, मोजलं, तरी मनाला पटत नाही. आणखी सोपं करून सांगा.

दारं शंभर करा. गाडी एकामागे, नव्व्याण्णव शेळ्या. तुम्ही १७ नंबर सांगितला. सूत्रसंचालक एका टोकापासून दारं उघडत निघाला. शेळी, शेळी, शेळी. तुमचं १७ सोडलं, पुढे ७३ पाशी आला, तेही सोडलं आणि थेट शंभरापर्यंत गेला. अठ्ठ्याण्णव दारं उघडी, १७ आणि ७३ बंद. १७ त्याने सोडलं कारण ते तुमचं होतं. ७३ का सोडलं?

तुमचा पहिल्या फटक्यातला अंदाज बरोबर असण्याची शक्यता १/१०० होती, ती तेवढीच राहिली. उरलेले ९९/१०० आता एकट्या ७३ वर आहेत. तीन दारांच्या खेळातही नेमकं हेच घडतं. तिथे सोडलेलं दार एकच आणि उघडलेलंही एकच, म्हणून ते डोळ्यांत भरत नाही.

४. माझे सासरे गणिताचे निवृत्त शिक्षक आहेत. ते म्हणतात, हे साफ चूक आहे. त्यांना कसं पटवू?

वाद घालू नका, पत्ते काढा. बदामचा एक्का आणि काळ्या रंगाच्या दोन दुऱ्या. एक्का म्हणजे गाडी. आणि महत्त्वाची गोष्ट, सूत्रसंचालक त्यांना करा, स्पर्धक तुम्ही व्हा.

ते तीन पानं पिसतील आणि पालथी मांडतील. तुम्ही एकावर बोट ठेवा. उरलेली दोन पानं त्यांनी हातात घेऊन बघायची, त्यातलं एक काळं पान उघडं करून टाकायचं आणि दुसरं पालथं ठेवायचं. तुम्ही दर वेळी बदला. एका कागदावर जिंकलेल्या डावांच्या रेघा ओढत जा.

स्पर्धकाला जे दिसत नाही ते सूत्रसंचालकाला हातात दिसतं. दोन पानं उचलली की बहुतेक वेळा त्यात एक्का असतोच, मग कोणतं टाकायचं याचा विचारच उरत नाही, काळं पान टाकावंच लागतं. दोन्ही काळी आली तरच निवड करता येते, आणि तसं तीनात एकदाच होतं. आठ-दहा डावांत त्यांचं त्यांनाच लक्षात येईल की एक्का सारखा आपल्याच हातात येतोय आणि तो आपण समोरच्याला देतोय. शिक्षकाला कोणी शिकवलेलं आवडत नाही, स्वतः सापडलेलं मात्र आवडतं.

तीस डाव खेळलात तर बदलणारा साधारण वीस जिंकेल. सतरा किंवा तेवीस आले तरी गडबडू नका, तीस डावांत एवढा चढउतार अगदी नेहमीचा आहे. दहाच डावांवर निकाल लावायचा आग्रह कोणी धरला तर मात्र नकार द्या.

५. हा माँटी हॉल कोण? त्याच्या कार्यक्रमात हा खेळ खरंच असायचा का?

माँटी हॉल हा मूळचा कॅनडातल्या विनिपेगचा. अमेरिकेत 'लेट्स मेक अ डील' नावाचा कार्यक्रम १९६३ च्या अखेरीस सुरू झाला. त्याचा तो सूत्रसंचालक आणि स्टीफन हॅटोसच्या जोडीने निर्माताही. प्रेक्षक चित्रविचित्र वेश करून येत. हातात मिळालेलं छोटं बक्षीस ठेवायचं की पडद्यामागचं अज्ञात काहीतरी घ्यायचं, यावर सौदे चालत. पडद्यामागे गाडी निघायची, नाहीतर काहीतरी हास्यास्पद. त्या फजितीच्या बक्षिसाला तिथे 'झाँक' म्हणत. आपल्याकडे याच कार्यक्रमाची भारतीय आवृत्ती २००१ मध्ये स्टार प्लसवर 'खुल जा सिम सिम' नावाने आली, अमन वर्मा सूत्रसंचालक होता. चाळिशीतल्या वाचकांना ती आठवत असेल.

कोडं मात्र कार्यक्रमातून जसंच्या तसं उचललेलं नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ स्टीव्ह सेल्विन यांनी फेब्रुवारी १९७५ मध्ये 'द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन' या नियतकालिकाला पत्र लिहून ते मांडलं. त्यात दारं नव्हती, तीन खोकी होती आणि एकात गाडीच्या किल्ल्या. शेळ्याही नव्हत्या. त्यांचं उत्तर चूक आहे असं सांगणारी पत्रं आल्यावर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी दुसरं पत्र लिहिलं, आणि त्यात 'माँटी हॉल' हे नाव कोड्याला चिकटलं.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडणारा भाग पुढचा. खुद्द माँटी हॉलने मे १९७५ मध्ये सेल्विनना पत्र पाठवलं. एक खोकं रिकामं दिसल्यावर स्पर्धकाला वाटतं आपली शक्यता वाढली, पण ती तीनात एकच राहते, असं त्याने त्यात स्वच्छ लिहिलं होतं. वर हेही की तुम्ही माझ्या कार्यक्रमात आलात तर निवड झाल्यावर खोकं बदलता येणार नाही. ज्याने वर्षानुवर्षं पडद्याच्या मागच्या बाजूने खेळ पाहिला, त्याला गणिताच्या पदवीशिवाय ते कळलं होतं. चौथ्या उत्तरात सासऱ्यांना सूत्रसंचालक करायला सांगितलं, ते यासाठीच.

याच जातीची कोडी त्याआधीही होती. फ्रेंच गणिती बर्ट्रांड यांचं तीन पेट्यांचं कोडं १८८९ चं, आणि मार्टिन गार्डनर यांनी १९५९ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये मांडलेलं तीन कैद्यांचं कोडं आतून हेच आहे.

६. मोठमोठे प्राध्यापकही यात चुकले होते असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे. सप्टेंबर १९९० मध्ये मेरिलिन वोस सावंत यांनी अमेरिकेतल्या 'परेड' साप्ताहिकातल्या आपल्या सदरात एका वाचकाचा प्रश्न घेतला. (आडनाव पाहून कोकणातल्या असतील असं वाटतं, पण त्या अमेरिकन आहेत. सर्वाधिक बुद्ध्यांकासाठी त्यांचं नाव गिनीज बुकात होतं.) दारं आणि शेळ्या असलेलं आजचं प्रसिद्ध रूप हेच. त्यांनी उत्तर दिलं, बदला, शक्यता २/३.

त्यावर सुमारे दहा हजार पत्रं आली, बहुतेक त्यांना चूक ठरवणारी. जवळपास हजार पत्रांखाली पीएच.डी. धारकांच्या सह्या होत्या. देशात गणिताचं अज्ञान आधीच पुष्कळ आहे, त्यात भर घालू नका, अशा सुरातली ती पत्रं होती. एकाने तर, यातली शेळी तुम्हीच आहात, असं लिहिलं. मेरिलिन बाई ढळल्या नाहीत. पुढच्या लेखांत त्यांनी पुन्हा समजावलं आणि शाळांना आवाहन केलं की वर्गात हा प्रयोग करून बघा. मुलांनी केला, आणि उत्तर २/३ च्या आसपासच आलं.

नंतर काही जणांनी बाजू सावरली, की मूळ प्रश्नात सूत्रसंचालकाचे नियम नीट लिहिलेले नव्हते. ते खरं आहे आणि आठव्या-नवव्या उत्तरात त्याचा विचार केलाय. पण त्या संतापलेल्या पत्रांत नियमांच्या संदिग्धतेबद्दल तक्रार क्वचितच होती. बहुतेकांनी "दोन दारं, म्हणून निम्मी शक्यता" एवढंच ठासून सांगितलं होतं. मेरिलिन यांना पूर्ण श्रेय द्यायला हवं.

विसाव्या शतकातल्या थोर गणितींपैकी एक, पॉल एर्डोश, हेदेखील आधी मानायला तयार नव्हते. त्यांचे मित्र अँड्र्यू वाझोनी यांनी लिहून ठेवलंय की संगणकावर खेळ पुन्हा पुन्हा चालवून दाखवल्यावरच ते शांत झाले. तेव्हा तुमच्या सासऱ्यांची संगत वाईट नाही.

७. उत्तर माहीत असूनही दार बदलायला मन का धजत नाही?

बदलून हरण्याचं दुःख जास्त असतं. पहिल्या दाराला चिकटून शेळी मिळाली तर "नशीब" म्हणता येतं. गाडीचं दार हातात होतं आणि आपणच सोडलं, तर ते आयुष्यभर बोचतं. घरचेही बोलणार, "होतं ते चांगलं होतं की!" मानसशास्त्राच्या प्रयोगांत बहुसंख्य लोक पहिल्याच दाराला चिकटलेले पुन्हा पुन्हा दिसले आहेत.

कबुतरं मात्र चिकटत नाहीत. २०१० मध्ये हर्ब्रॅन्सन आणि श्रोडर या संशोधकांनी कबुतरांना हाच खेळ दिला, दारांच्या जागी चोचीने टोचायच्या प्रकाशित कळा आणि गाडीच्या जागी दाणे. महिनाभराच्या सरावानंतर कबुतरं जवळजवळ दर वेळी बदलू लागली. माणसं भरपूर सरावानंतरही तिथवर पोचली नाहीत. कबुतराला पश्चात्तापाची भीती नसावी. ते दाणे मोजतं.

८. सूत्रसंचालकालाच गाडी कुठे आहे ते माहीत नसेल, आणि योगायोगाने शेळीचं दार उघडलं गेलं तर?

तर निम्मी-निम्मी. बदला किंवा बदलू नका, फरक नाही.

इथे पुष्कळांचा गोंधळ उडतो, कारण डोळ्यांना दिसणारं दृश्य तेच आहे: एक शेळी समोर, दोन दारं बंद. म्हणून ३०० डाव मोजू. १०० डावांत तुमचा पहिला अंदाज बरोबर, त्या शंभरांत तो काहीही उघडो, शेळीच निघेल. २०० डावांत तुमचा अंदाज चूक. त्यांतल्या साधारण १०० मध्ये त्याच्या हातून गाडीचंच दार उघडेल आणि खेळ तिथेच संपेल, उरलेल्या १०० मध्ये शेळी निघेल. म्हणजे शेळी दिसलेले डाव २००, त्यांतले १०० तुमच्या दाराचे आणि १०० दुसऱ्या दाराचे.

माहीतगार सूत्रसंचालक ते वाया गेलेले शंभर डाव वाचवतो आणि सगळेच्या सगळे बदलणाऱ्याच्या पदरात टाकतो. सगळा फरक तिथे पडतो. म्हणून अशा कोड्यात "काय दिसलं" याच्या आधी "ते का दाखवलं" हे विचारायचं. या पानावरच्या जवळपास प्रत्येक अवघड प्रश्नाचं कुलूप याच किल्लीने उघडतं.

९. आणि सूत्रसंचालक लबाड असेल तर?

समजा तुम्ही गाडीचं दार निवडलं असेल तरच तो बदलायची संधी देतो, एरवी सरळ तुमचं दार उघडून शेळी हातात देतो. मग बदलणारा दर वेळी हरणार, शक्यता शून्य. उलट, तुम्ही शेळी निवडली असेल तरच संधी देणारा दयाळू सूत्रसंचालक असेल, तर बदलणारा दर वेळी जिंकणार.

१९९१ च्या जुलैत 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या जॉन टिअर्नी यांनी माँटी हॉलच्या बेव्हर्ली हिल्समधल्या घरी हा खेळ त्याच्याशीच खेळून पाहिला. हॉलने लबाड रूपही करून दाखवलं. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: दार उघडणं आणि संधी देणं बंधनकारक असेल तर जरूर बदला, पण ते सूत्रसंचालकाच्या मर्जीवर असेल तर सांभाळून.

१०. शेळी वाईट बक्षीस का? आमच्याकडे शेळीला चांगली किंमत येते!

हा प्रश्न गमतीने विचारला जातो, पण तो गणिताच्या दृष्टीने उत्तम आहे. धाराशिव-लातूरकडच्या माणसाला विचारा, उस्मानाबादी शेळी म्हणजे वेताला बहुधा जुळी करडं देणारी, कमी पाण्याच्या मुलखात टिकणारी कमाई. तिला फजितीचं बक्षीस म्हणणं हा अमेरिकेतल्या टीव्ही स्टुडिओचा समज झाला.

हिशोब असा. गाडीची किंमत ग, शेळीची श. न बदलता सरासरी मिळकत: ग चा एक तृतीयांश अधिक श चे दोन तृतीयांश. बदलल्यास: ग चे दोन तृतीयांश अधिक श चा एक तृतीयांश. म्हणजे गाडी शेळीपेक्षा महाग आहे तोवर बदलणंच फायद्याचं, शेळी कितीही चांगली असली तरी. तुम्हाला गाडी ठेवायला जागा नसेल आणि शेळीच हवी असेल, तर पहिल्या दारावर ठाम राहा. शेळी मिळण्याची शक्यता २/३.

११. 'डील या नो डील'मध्ये शेवटी दोन पेट्या उरतात. तिथेही बदलावं का?

नाही, तिथे फरक पडत नाही. मूळ डच असलेला हा खेळ आपल्याकडे २००५ मध्ये सोनीवर आला, सुरुवातीला आर. माधवनने चालवला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो अमेरिकेत एनबीसीवर सुरू झाला. त्या अमेरिकन खेळात २६ पेट्या होत्या, एका सेंटपासून दहा लाख डॉलरपर्यंत. स्पर्धक एक बंद पेटी स्वतःसाठी ठेवतो आणि बाकीच्या एकेक करून उघडायला लावतो.

शंभर दारांशी साम्य दिसतं, पण इथे पेट्या उघडायच्या त्या स्पर्धक सांगतो, आणि त्याला आत काय आहे ते माहीत नसतं. दहा लाखांची पेटी मुद्दाम कोणी वाचवत नाही. २६ पैकी सरासरी एकदा ती स्पर्धकाच्या पेटीत असते, एकदा शेवटी उरलेल्या पेटीत, आणि चोवीस वेळा ती आधीच फुटलेली असते. ती शेवटपर्यंत टिकलीच, तर दोन्ही पेट्यांची शक्यता सारखी. आठव्या उत्तरातला योगायोगाचा सूत्रसंचालक इथे स्पर्धक स्वतःच असतो.

१२. मग बँकरची ऑफर कधी घ्यावी?

बँकर म्हणजे मधेमधे रोख रक्कम देऊन स्पर्धकाची बंद पेटी विकत घेऊ पाहणारा. आधी उरलेल्या रकमांची सरासरी काढा. समजा ₹१००, ₹१०,०००, ₹२ लाख आणि ₹१० लाख उरलेत. सरासरी ₹३,०२,५२५. बँकर ₹२,४०,००० देतोय, म्हणजे सरासरीच्या सुमारे ७९ टक्के. हिशोबाने नाही म्हणायला हवं. पण चारपैकी दोन पेट्यांत दहा हजार किंवा त्याहून कमी आहे, आणि तेवढ्या ऑफरमध्ये तुमचं कर्ज फिटत असेल तर हो म्हणण्यात काही मूर्खपणा नाही. सरासरी हजार वेळा खेळणाऱ्याच्या कामाची, तुम्ही एकदाच खेळताय.

या खेळावर पोस्ट, व्हॅन डेन असेम, बाल्टुसेन आणि थेलर या अर्थतज्ज्ञांचा २००८ चा अभ्यास आहे. सुरुवातीच्या फेऱ्यांत बँकर सरासरीपेक्षा फार कमी देतो आणि पुढे हळूहळू सरासरीच्या जवळ येतो, असं त्यात दिसलं. दुसरं निरीक्षण अधिक मोलाचं आहे: मोठ्या रकमा हातच्या गेलेले आणि अनपेक्षित नशीब फळफळलेले, असे दोन्ही प्रकारचे स्पर्धक पुढे जास्त धोका पत्करतात. म्हणून आपली मर्यादा खेळ सुरू व्हायच्या आधी ठरवा.

१३. करोडपतीच्या ५०-५० मध्ये माझ्या मनातला पर्याय टिकला. आता दुसरा निवडू का?

निवडू नका. केबीसी असो वा मराठीतलं 'कोण होणार करोडपती', संगणकाला तुमच्या मनातला पर्याय माहीत नसतो. तो दोन चुकीचे पर्याय काढतो, त्यात तुमचाही जाऊ शकला असता.

निव्वळ आंधळा अंदाज असेल तर ४०० प्रश्नांचा हिशोब करा. १०० वेळा तुमचा अ बरोबर, तो टिकतोच. ३०० वेळा चूक, आणि तीन चुकीच्या पर्यायांतला एकच टिकतो, म्हणजे अ साधारण १०० वेळा टिकतो. टिकलेले २००, त्यांतले बरोबर १००. निम्मी शक्यता.

पण सहसा अंदाज पूर्ण आंधळा नसतो, आणि तिथे गंमत आहे. समजा आधी तुम्हाला अ बद्दल ६० टक्के खात्री होती. तो टिकल्यावर ती सुमारे ८२ टक्के व्हायला हवी, कारण चूक असता तर तो उडण्याची दाट शक्यता होती. हे सोडतीने पर्याय काढले जातात असं धरून. सगळ्यात फसवा चुकीचा पर्याय मुद्दाम ठेवला जात असेल आणि तो अ च असेल, तर टिकण्याने काहीच सिद्ध होत नाही आणि खात्री ६० टक्केच राहते. पुन्हा तोच प्रश्न: का दाखवलं?

१४. करोडपतीमध्ये उत्तराची खात्री नसेल तर खेळावं की खेळ सोडावा?

उदाहरण घ्या. हातात ₹१२.५० लाख आहेत, पुढचा प्रश्न ₹२५ लाखांचा, चुकलात तर ₹३.२० लाखांवर घसरण. सोडलं तर १२.५० पक्के. खेळायचं असेल तर खात्री किमान ४३ टक्के हवी, म्हणजे सरासरी बरोबरीची होते. म्हणून दोन पर्यायांत निम्मी शक्यता असेल तर कागदावर खेळणं फायद्याचं, आणि बरोबर आल्यावर ५० लाखांचा रस्ता खुला होतो तो फायदा वेगळाच.

तरी सोडणाऱ्याला भित्रा म्हणू नका. कोणाच्या घरात पहिल्या साडेबारा लाखांनी जे बदलतं, ते पुढच्या साडेबारा लाखांनी बदलत नाही. बाराव्या उत्तरातलं सरासरीबद्दलचं म्हणणं इथेही लागू.

१५. 'द प्राइस इज राइट'मध्ये शेवटी बोलणाऱ्याचा फायदा असतो म्हणतात. कसा?

अमेरिकेत १९७२ पासून आजच्या रूपात चालू असलेल्या या खेळात चार स्पर्धक वस्तूची किंमत ओळखतात. खऱ्या किमतीच्या वर न जाता जो सर्वांत जवळ, तो जिंकतो. समजा तिघांनी ७००, ८५० आणि ९०० डॉलर सांगितले. वस्तू महाग वाटत असेल तर चौथ्याने ९०१ म्हणावं, ९०० च्या वरचा सगळा मुलूख त्याचा. सगळेच जास्त बोलले असं वाटत असेल तर सरळ एक डॉलर. ९५० म्हणणारा ९०१ ते ९४९ फुकट सोडून देतो. ९०० वाला चिडतो, प्रेक्षक हसतात, पण खेळी बरोबर असते.

त्याच कार्यक्रमातल्या मोठ्या चाकावर ५ ते १०० असे पाचच्या पाढ्यातले वीस आकडे असतात. एकदा किंवा दोनदा फिरवायचं, बेरीज शंभराच्या वर गेली तर बाद, सर्वांत मोठी बेरीज जिंकते. तिघांत पहिल्याने ६५ किंवा कमी आल्यास पुन्हा फिरवावं, ७० पासून पुढे थांबावं, असं गणित सांगतं.

१६. चार दारं असतील आणि दोनदा बदलायची संधी मिळाली तर? दोन्ही वेळा बदलायचं ना?

नाही! पहिल्यांदा थांबा, शेवटी बदला.

तुम्ही एक दार निवडलं, शक्यता १/४. एक शेळी दाखवली गेली. इथे बदललंत तर नव्या दाराची शक्यता ३/८. मग आणखी एक शेळी, आणि पुन्हा बदललंत तर ५/८. पण पहिल्यांदा न बदलता शेवटीच बदललंत तर ३/४. तुमचं दार जितकं कमकुवत राहील, तितकं शेवटी समोरचं दार बळकट होतं. मध्येच बदलून तुम्ही आपलंच दार सुधारता आणि शेवटच्या बदलाची ताकद घालवता.

१७. सूत्रसंचालक आळशी असेल आणि शक्यतो जवळचं दारच उघडत असेल तर?

तुम्ही पहिलं घेतलंय, आणि दुसऱ्यामागे शेळी असेल तेव्हा तो जवळचं म्हणून दुसरंच उघडतो. त्याने लांबचं तिसरं उघडलं, तर गाडी नक्की दुसऱ्यात, कारण नाहीतर तो एवढा चालला नसता. बदला, शंभर टक्के. दुसरं उघडलं तर निम्मी-निम्मी. सगळे डाव मिळून बदलणाऱ्याला तरीही २/३ च मिळतात, आणि बदलल्याने तोटा कधीच होत नाही. म्हणून सवय ओळखता आली नाही तरी निर्णय तोच.

१८. दोन स्पर्धकांनी वेगवेगळी दारं घेतली आणि तिसरं उघडून शेळी दाखवली. दोघांनीही बदललं तर दोघांनाही २/३ कशी मिळेल?

मिळणारच नाही, आणि या पानावरचा हा सर्वांत चांगला आक्षेप आहे. बेरीज १ च्या वर जातेय म्हणजे कुठेतरी नियम बदललाय. दोघांनी दोन दारं अडवली की सूत्रसंचालकासमोर एकच दार उरतं. त्यामागे शेळी असेलच याची हमी नाही, त्यामुळे "दर वेळी शेळी दाखवणार" ही अट पाळणं त्याला अशक्य होतं. तिसऱ्यात शेळी निघालीच, तर दोघांची शक्यता सारखी, १/२.

त्याला दर वेळी शेळी दाखवायचीच असेल तर एका स्पर्धकाचं दार उघडून त्याला बाद करावं लागेल. समजा तुम्ही टिकलात, दुसरा बाद झाला, आणि तुम्हाला तिसरं दार घ्यायची संधी आहे. ३०० डाव: १०० मध्ये गाडी तुमच्याकडे, दुसरा बाद. १०० मध्ये गाडी त्याच्याकडे, तुम्ही बाद. १०० मध्ये गाडी तिसऱ्यात, दोघांकडे शेळ्या, नाणेफेक करून ५० वेळा तो बाद आणि ५० वेळा तुम्ही. तुम्ही टिकलेले डाव १५०, त्यांतल्या १०० मध्ये गाडी तुमच्याच दारामागे. इथे शक्यता २/३ ठाम राहणाऱ्याची आहे. बदलू नका.